बर्फ पडणार, म्हणजे किती, कुठे आणि कसा?

श्रोतेहो, "उद्या कोकणात बहुतेक सर्व ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल" हे वाक्य आपल्या कानांवरून किती वेळा गेलं असेल! आता त्यातली गोम आपल्याला ठाऊक झाली आहे. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या विभागातल्या शंभर केंद्रांपैकी फार तर पंचवीस केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे पन्नासपर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, आणि "बहुतेक सर्व ठिकाणी" म्हणजे त्याहून अधिक. हे ज्याला कळलं, तो "रेडिओवर पाऊस सांगितला होता, माझ्या वावरात थेंब नाही" असं म्हणून रागावत नाही. शब्दाचं माप कळलं, की अंदाजाचा उपयोग होतो.

हीच मापं लावून हवामान खातं हिवाळ्यात सांगतं, "काश्मीरच्या उंच भागात बऱ्याच ठिकाणी हिमवर्षाव होईल." तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचं काय? आमच्याकडे फार तर गारा पडतात. पण जरा थांबा. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या कितीतरी घरांतला मुलगा आज बर्फातल्या चौकीवर उभा आहे. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबं सहलीला काश्मीरला निघतात. तिसरी गोष्ट आपल्या शेताशी जोडलेली. जो पश्चिमेकडचा झंझावात काश्मिरात बर्फ टाकतो, तो पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात. मग निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. तेव्हा तिकडचं बर्फ आणि इकडची शेकोटी ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

बर्फाचा अंदाज समजून घ्यायला आपण एकच गाव धरू. ते म्हणजे काश्मीरमधलं गुलमर्ग, समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवरचं. उन्हाळ्यात फुलांचं कुरण, हिवाळ्यात पांढरं मैदान. पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचा जो खेळ, ज्याला स्कीइंग म्हणतात, त्यासाठी देशातलं हे फार नामांकित ठिकाण. तिथे दोरावरून जाणारे पाळणे आहेत, त्यांना गंडोला म्हणतात. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला, तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३९०० मीटरवर नेऊन सोडतो. गुलमर्गला चढण्याआधी वाटेत टंगमर्ग लागतं, ते गुलमर्गपेक्षा सुमारे पाचशे मीटर खाली. ही तीन नावं ध्यानात ठेवा: खाली टंगमर्ग, मध्ये गुलमर्ग, वर अफरवट. पुढचा सगळा हिशेब ह्या तीन पायऱ्यांवरच करायचा आहे.

आधी बर्फ येतो कुठून ते पाहू. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून समुद्रावरून येतो. काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूला हवेचे कमी दाबाचे पट्टे तयार होतात. उंचावरून वाहणारे पश्चिमेचे जोरदार वारे त्यांना इराण, अफगाणिस्तानवरून आपल्याकडे ढकलत आणतात. ह्यांनाच हवामान खातं "पश्चिमी विक्षोभ" किंवा "पश्चिमी झंझावात" म्हणतं. डिसेंबरपासून मार्चपर्यंत असे झंझावात एकामागून एक येत राहतात. त्यांतला एखादा जोरकस असतो, एखादा नुसतं आभाळ दाखवून जातो. आपल्याकडे नक्षत्रं मोजतात तसे काश्मिरी लोक थंडीचे भाग मोजतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा "चिल्ले कलान", म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवसांची मधली आणि दहा दिवसांची धाकटी. थोरल्या थंडीत पडलेला बर्फ टिकतो आणि उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी पुरवतो, असं तिथला शेतकरी सांगतो. आपण मृगाकडे डोळे लावतो, तो चिल्ले कलानकडे.

आता बर्फ म्हणजे काय? गार आणि बर्फ एक नव्हेत, हे आधी नीट समजू या. गार म्हणजे ढगात वर-खाली फेकला जाऊन गोठलेला पाण्याचा गोळा. हिमवर्षावातला बर्फ मात्र वाफेपासून थेट स्फटिक होऊन बनतो. त्याला सहा बाजू किंवा सहा हात असतात. हवा किती थंड आहे आणि तिच्यात ओल किती आहे, त्यावर तो चपटा होणार, सुईसारखा होणार की नक्षीदार चांदणीसारखा, हे ठरतं. जपानचे शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला आणि हा संबंध उलगडून दाखवला. म्हणजे खाली पडलेला कण पाहून वरच्या हवेची हकिकत सांगता येते.

अंदाजात पहिला आकडा असतो पाण्याचा, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. अंदाज सांगतो "२० मिलिमीटर". ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंसंच? पण हे २० मिलिमीटर म्हणजे तो बर्फ वितळवला तर होणारं पाणी. पडताना तो कितीतरी फुगलेला असतो. कापसाचं उदाहरण घ्या. दाबलेल्या गठ्ठ्यातला शेरभर कापूस एवढासा दिसतो. तोच पिंजाऱ्याने पिंजला, की अर्धी खोली भरते. वजन तेच, पसारा वेगळा. बर्फाचंही तसंच. ढोबळ हिशेब असा, की एक सेंटिमीटर पाण्याचा दहा सेंटिमीटर बर्फ होतो. हवा शून्याच्या जवळ असेल, तर बर्फ ओला, जड पडतो आणि पाच-सात सेंटिमीटरच होतो. कडाक्याची कोरडी थंडी असेल, तर पंधरा, वीस सेंटिमीटरही होतो. स्कीपटूंना हवा असतो तो हाच पिंजलेला कापूस. त्याला ते "पावडर" म्हणतात.

दुसरा आकडा उंचीचा. अंदाजात "शून्य अंशाची पातळी" दिलेली असते. म्हणजे किती उंचीवर हवेचं तापमान शून्यावर येतं, ते. डोंगरावर चढताना दर शंभर मीटरला पारा साधारण अर्धा-पाऊण अंश उतरतो, हे आपण महाबळेश्वरला जाताना अनुभवतोच. शून्याच्या पातळीच्या वर बर्फ, हे तर खरंच. पण पडणारा बर्फ लगेच वितळत नाही, म्हणून त्या पातळीखाली दोनशे-तीनशे मीटरपर्यंतही ओला बर्फ येऊन पोचतो. त्याच्या खाली नुसता पाऊस.

तिसरा आकडा वाऱ्याचा. तो लोक वाचतच नाहीत, आणि तोच सगळ्यांत धोक्याचा. वारा पडलेला बर्फ उचलून नेतो. मळणीनंतर आपण वाऱ्यावर धान्य उफणतो, तेव्हा भुसा कुठे जाऊन पडतो? आडोशाला. बर्फही तसाच. वाऱ्याच्या तोंडावरचा कडा उघडा पडतो आणि पाठीमागच्या आडोशाला ढीग लागतो. शिवाय ह्या उडत्या बर्फाचे नाजूक हात मोडतात, कण घट्ट बसतात आणि त्याची जड लादी तयार होते. ही लादी आपण पुढे पुन्हा पाहणार आहोत.

चला, आता एक उदाहरण सोडवू. गुरुजींनी हे फळ्यावर मांडावं. समजा अंदाज असा आहे: चोवीस तासांत २५ मिलिमीटर पाणी, शून्य अंशाची पातळी २४०० मीटर, उंचावर नैर्ऋत्येचा वारा ताशी ५० किलोमीटर. गुलमर्ग त्या पातळीच्या अडीचशे मीटर वर, म्हणजे तिथे उणे दीड अंशाच्या आसपास. बर्फ ओलसर, आठपट धरू. २५ मिलिमीटरचे झाले २० सेंटिमीटर, जेमतेम एक वीत. अफरवटचा खांदा दीड हजार मीटर वर, म्हणजे उणे दहा अंश. तिथे चौदापट धरला तर ३५ सेंटिमीटर, दीड वीत. आणि टंगमर्गला? पाऊस आणि वितळता बर्फ यांची भेसळ, रस्त्यावर चिखल. एकच ढग, एकच रात्र, आणि तीन पायऱ्यांवर तीन तऱ्हा! आता गणितात एकच फरक करा. शून्य अंशाची पातळी ५०० मीटर वर, २९०० मीटरवर न्या. पाणी तेवढंच, पण गुलमर्गला आता पावसाची भेसळ होणार आणि आधी साचलेला बर्फही बसणार. म्हणून नुसतं "बर्फ पडणार का?" असं विचारू नये. "किती उंचीवर?" असं विचारावं.

वारा राहिलाच की! नैर्ऋत्येचा वारा, आणि गुलमर्गकडे पाहणारा अफरवटचा उतार साधारण पूर्व-ईशान्येचा. म्हणजे उतार आडोशाला. वाऱ्याने आणलेला बर्फ तिथेच साठणार. हिशेबातली दीड वीत कुठे कमरेएवढी होईल आणि कुठे कड्यावर खडक दिसेल. शिवाय असा वारा असला की वरचा पाळणा बंद ठेवतात. सहलीला जाणाऱ्याने हेही अंदाजातून वाचायचं असतं.

हल्ली हातातला फोन सांगतो, "गुलमर्ग, येत्या दहाव्या दिवशी ४२ सेंटिमीटर." आकडा असा नेमका, की वाटावं कुणी मोजूनच आलंय! पण यंत्र डोंगराचे चौकोन पाडून हिशेब करतं. एका चौकोनात दरीही असते आणि कडाही. तालुक्याची सरासरी काढून तुमच्या शेतातला पाऊस सांगावा, तसा तो प्रकार. साधारण नियम असा धरावा: तीन दिवसांपर्यंतचा अंदाज कामाचा, पाच ते सात दिवसांचा नुसता कल दाखवणारा, आणि दहा दिवसांपलीकडचा फक्त चाहूल. तारीख जवळ येईल तसा अंदाज रोज पुन्हा वाचावा. रोज तोच सूर लागत असेल, तर भरवसा वाढतो. रोज आकडा उड्या मारत असेल, तर तो आकडा विसरावा आणि थांबावं.

अंदाज झाला उद्याचा. आज उतारावर काय स्थिती आहे, ते सांगणारी टिपण वेगळी असते. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: एकूण साचलेला थर, गेल्या चोवीस तासांत पडलेला नवा बर्फ आणि पृष्ठभाग कसा आहे. हवामान खात्याची चोवीस तासांची मोजणी सकाळी साडेआठला संपते, तेव्हा "काल" म्हणजे कुठून कुठपर्यंत, ते पाहावं. थराची जाडी खालच्या टप्प्यावरची की वरच्या, तेही पाहावं, कारण जाहिरातीत नेहमी वरचाच आकडा छापतात. ताकवाली आपलं ताक आंबट आहे असं कधी म्हणते का? ज्याला पाहुणे हवे आहेत त्याचा आकडा ऐकावा, पण सरकारी मोजणीशी ताडून पाहावा.

पृष्ठभागाचे शब्द शेतकऱ्याला समजायला मुळीच कठीण नाहीत. जमिनीचे किती प्रकार आपण ओळखतो! भुसभुशीत, निबर, चिकण, ढेकळाची. तसंच इथे. नुकता पडलेला कोरडा बर्फ भुसभुशीत. यंत्राने दाबून सारखा केलेला उतार म्हणजे कुळवून पाटा फिरवलेलं वावर, शिकाऊ माणसाला तोच बरा. दिवसा वितळून रात्री गोठला, की वर पापुद्रा धरतो, दुधावरच्या सायीसारखा. पण ही साय पायाखाली फुटते आणि माणूस तोंडावर आपटतो. पाऊस पडून गोठला, तर नुसती काच. मार्चमध्ये तर गंमतच होते. पहाटे सगळं कडक असतं, दुपारी सगळा लगदा. ह्या दोहोंच्या मध्ये, सकाळी ऊन लागल्यावर, काही वेळ पृष्ठभाग मऊ, दाणेदार, सुरेख होतो. पेरणीला वाफसा लागतो ना? ओल जास्त असली तर औत रुततं, कमी असली तर ढेकळं निघतात. तोच हा बर्फाचा वाफसा. जाणता स्कीपटू घड्याळ पाहून ह्या वाफशावरच उतारावर येतो आणि तो संपला की परत फिरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, कारण ह्याच्यावर जीव अवलंबून असतो. बर्फ उतारावर साचतो, तो एकसंध नसतो. प्रत्येक झंझावाताचा एक थर, असे थरावर थर बसतात. पातळ बर्फावर बरेच दिवस निरभ्र, कडाक्याची थंडी पडली, की आतल्या आत वाफ वर सरकते आणि तळाचे कण साखरेसारखे सुटे, कोरडे होतात. एकाला एक धरून राहत नाहीत. खळ्यावर ज्वारीचे दाणे पसरा आणि त्यावर फळी ठेवून पाय द्या. काय होईल? तसंच इथे. सुट्या दाण्यांच्या थरावर नवा बर्फ आणि वाऱ्याची जड लादी येऊन बसली, की एका माणसाच्या वजनानेही ती तडकते आणि सगळा उतार खाली धावतो. हे हिमस्खलन. बहुतेक वेळा ते तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतं. दुर्दैव असं, की स्कीपटूला आवडणारा उतारही नेमका तेवढाच.

गुलमर्गने हे फार जवळून पाहिलं आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या जवानांवर हिमलोट कोसळला आणि सतरा जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा बळी गेला. २०२४ साली तर जानेवारी जवळजवळ कोरडाच गेला, गुलमर्गची कुरणं उघडी पडली. मग उशिरा बर्फ आला, फेब्रुवारीत जोरात आला, सगळ्यांना आनंद झाला. आणि २२ फेब्रुवारीला एका परदेशी गटावर हिमलोट येऊन त्यांतला एक जण दगावला. बर्फ नसल्याची हुरहुर संपते, माणसं उतावीळ होतात, तेच दिवस सांभाळायचे असतात. जोरदार हिमवर्षावानंतरचा पहिला निळा, स्वच्छ दिवस दिसायला सर्वांत सुंदर, आणि पुष्कळदा सर्वांत घातक.

म्हणून हवामानाच्या अंदाजाबरोबर हिमस्खलनाची सूचना वेगळी वाचावी. आपल्याकडे हे काम संरक्षण खात्याची संशोधन संस्था करते. १९६९ मध्ये मनालीला तिची सुरुवात झाली, आणि २०२० पासून ती चंदीगडच्या नव्या संस्थेत सामावली आहे. धोक्याच्या पायऱ्या पाच. पहिली अल्प, दुसरी मध्यम, तिसरी बरीच, चौथी मोठी, पाचवी अतिशय मोठी. पाचांतली तिसरी म्हणजे "मधली, चालेल" असं समजू नका. पाचव्या पायरीला सगळेच घरात बसतात. तिसरीला माणूस धाडस करतो, आणि पाश्चात्त्य देशांचा अनुभव असा, की सर्वांत जास्त बळी ह्याच पायरीला जातात. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने कमी होते. एवढ्या वेळात खालून मदत पोचत नाही. सोबत्यांनीच काढावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येकाजवळ शोधयंत्र, लांब कांडी आणि फावडं हवं. राखलेल्या उताराची हद्द ओलांडायची, तर स्थानिक जाणकार सोबत हवाच.

गुरुजन, वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवा. एका फळीवर साखरेचा पातळ थर पसरा. त्यावर चाळणीने पीठ चाळून हाताने हलकेच दाबा. मग फळीचं एक टोक हळूहळू उचला, आणि मुलांना कोनमापकाने कोन वाचायला सांगा. एका क्षणी पिठाला तडा जाईल आणि वरचा थर एकदम घसरेल. मग साखर न घालता तोच प्रयोग पुन्हा करा आणि दोन कोनांची तुलना करू द्या. भूगोल, विज्ञान आणि गणित एका तासात होतील, आणि मुलांना कळेल, की वरून सारखा दिसणारा उतार आतून सारखा नसतो.

शेवटी गुलमर्गच्या माणसांबद्दल दोन शब्द. तिथला वाटाड्या, घोडेवाला, बर्फावरची गाडी ओढणारा, चहाची टपरी चालवणारा, हे सगळे बर्फाकडे तसेच पाहतात जसे आपण पावसाकडे. २०२५ सालीही फेब्रुवारीत बर्फ कमी पडला, म्हणून तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले. उशिरा आलेल्या पावसाने पेरणी लांबते, तसंच हे. शिवाय वर साचलेला बर्फ म्हणजे झेलमच्या खोऱ्याचं उन्हाळ्यातलं पाणी. खेळणाऱ्याचा हंगाम बुडतो तेव्हा खाली भातशेतीवाल्याच्याही पोटात गोळा येतो.

तर मंडळी, पुढे कधी कानांवर आलं "काश्मिरात हिमवर्षाव होणार", तर पाच प्रश्न विचारा. किती पाणी? शून्य अंश किती उंचीवर? वारा कुठून, किती? हा अंदाज किती दिवस आधीचा? आणि हिमस्खलनाची पायरी कोणती? घरातलं कुणी तिकडे निघालं असेल, तर हेच पाच प्रश्न कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा. आपला शेतकरी आभाळाकडे पाहून म्हणतो, "आज नको, उद्या पेरू." पेरणी एक दिवस लांबली म्हणून कुणी त्याला भित्रा म्हणत नाही. डोंगरावर "आज नको" म्हणणाऱ्यालाही कुणी भित्रा म्हणू नये.